रूळ संपल्यानंतरची पायपीट

पहिल्या महायुद्धाची कारणे आपल्याकडे शाळेत चार शब्दांत शिकवली जातात: साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद आणि गुप्त करार. मग सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या जातात आणि धडा संपतो. या चार शब्दांत खोटे काही नाही, पण त्यांचा आवाका युद्ध पेटण्यापुरताच आहे. पेटलेल्या युद्धाने पुढे जे रूप घेतले ते का घेतले, हे त्यांच्यावरून कळत नाही. काही महिन्यांत आटोपेल अशी बहुतेकांची अटकळ असलेली लढाई सव्वाचार वर्षे का चालली? लाखांनी माणसे मारूनही पश्चिम युरोपातली आघाडी वर्षानुवर्षे चार-दोन मैलांपलीकडे का सरकेना? आणि मग १९१८ च्या काही महिन्यांत जर्मनी कोलमडला तो कशाने? या प्रश्नांसाठी दुसरे शब्द हाताशी लागतात: जमवाजमव, राखीव सैन्य, खंदक, झिजवणे, नाकेबंदी, शस्त्रसंधी. संदर्भग्रंथांत हे शब्द अकारविल्हे, एकमेकांची ओळख नसल्यासारखे उभे असतात. माझे म्हणणे असे की त्यांचे मूळ एकाच विषमतेत आहे. १९१४ च्या युरोपात माणूस, घोडा, तोफगोळा आणि पाव रुळांवरून वाटेल तेवढ्या संख्येने हलवता येत होता. रूळ संपले की तीच सगळी सामग्री माणसाच्या आणि घोड्याच्या पायांनी चालू लागे. बचाव करणारा मागे हटला की आपल्या रुळांजवळ येतो, चढाई करणारा पुढे सरकला की आपल्या रुळांपासून दूर जातो. युद्धाचा आकार बहुतांशी या एका गोष्टीने ठरवला.

जमवाजमवीपासून सुरुवात करू. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवले त्यात रेल्वेचा आणि राखीव सैन्याचा हात मोठा होता, आणि त्यानंतर युरोपातल्या बहुतेक सत्तांनी प्रशियाची पद्धत उचलली. विशीतल्या तरुणाने दोन-तीन वर्षे सक्तीने पलटणीत काढायची, मग घरी जाऊन आपला धंदा करायचा. पण पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव राखीव यादीत राहणार आणि हाक येताच ठरलेल्या दिवशी ठरलेल्या डेपोत त्याने हजर व्हायचे. ब्रिटन तेवढा या पद्धतीबाहेर राहिला. तिथे सक्तीची भरती १९१६ मध्ये आली. शांततेच्या काळात आठ लाखांच्या घरात असलेले जर्मन सैन्य ऑगस्ट १९१४ मध्ये दोन आठवड्यांत पस्तीस लाखांच्या घरात पोचले. सुतार, शिक्षक, शेतमजूर, कारकून अशा या माणसांना गणवेश आणि बंदूक देऊन सरहद्दीवर नेऊन ठेवायचे काम रेल्वेचे. एक जर्मन आर्मी कोअर हलवायला १४० आगगाड्या आणि सुमारे ६,००० डबे लागत. कोलोनच्या होहेनझोलर्न पुलावरून २ ते १८ ऑगस्टदरम्यान २,१५० लष्करी गाड्या ऱ्हाइन ओलांडून गेल्या, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांना एक. ही सगळी वेळापत्रके शांततेच्या काळातच आखून, दरवर्षी सुधारून तयार ठेवलेली असत. त्यामुळे राजकारणावर एक नवेच दडपण आले. शेजाऱ्याने जमवाजमव सुरू केली आणि आपण चार दिवस थांबलो, तर त्याची लाखो माणसे सरहद्दीवर आणि आपली घरी. रशियाचा मुलूख अफाट आणि रेल्वे विरळ, तेव्हा त्याची फौज जमायला वेळ लागणार, या हिशेबावर जर्मन सेनापतींची सगळी मांडणी उभी होती: आधी सहा आठवड्यांत फ्रान्स निकालात काढायचा आणि मग सैन्य गाड्यांत भरून पूर्वेला न्यायचे. फ्रेंच कर्जाच्या बळावर रशिया पश्चिम सरहद्दीकडे नवे लोहमार्ग टाकायला निघाला तेव्हा बर्लिनमध्ये जी अस्वस्थता पसरली, तिच्या मुळाशी हाच हिशेब होता.

ब्रिटिश इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी १९६९ मध्ये यापुढे एक पाऊल टाकून हे युद्ध रेल्वेच्या वेळापत्रकानेच घडवून आणले, अशी मांडणी केली. ती माझ्या मुद्द्याला सोयीची आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. २८ जूनची हत्या आणि ३० जुलैचा रशियाचा संपूर्ण जमवाजमवीचा हुकूम यांच्यात महिना गेला होता. ५ जुलैला कैसर विल्हेल्मने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला, २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडला, २८ जुलैला युद्ध पुकारले. यांतले एकही पाऊल कुठल्या गाडीची वेळ चुकेल म्हणून उचललेले नव्हते. ते माणसांनी समजून-उमजून घेतलेले निर्णय होते. वेळापत्रकाने खाल्ले ते शेवटचे चार-पाच दिवस. १ ऑगस्टच्या संध्याकाळी फ्रान्स युद्धाबाहेर राहील अशा गैरसमजातून कैसरने सरसेनापती मोल्ट्के यांना सारे सैन्य रशियाकडे वळवायला सांगितले. लाखोंची हालचाल आयत्या वेळी फिरवता येत नाही, असे मोल्ट्के यांनी निक्षून सांगितले. रेल्वे विभागाचे प्रमुख जनरल फॉन श्टाब यांना हे उत्तर इतके झोंबले की युद्ध संपल्यावर त्यांनी पुस्तक लिहून, आपल्या विभागाला हे जमले असते, असे गणितासह मांडले. दोघांपैकी कोण बरोबर, हा वाद सैनिकी इतिहासकारांनी घालावा. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते इतकेच की पूर्वेकडच्या स्वतंत्र मोहिमेचा आराखडा १९१३ नंतर सोडूनच दिलेला होता, आणि तो सोडणारी माणसेच होती. युद्ध सुरू केल्याचा आळ रुळांवर घालता येत नाही. सुरू झाल्यावर मात्र सूत्रे बऱ्याच अंशी त्यांच्या हाती गेली.

पहिला पुरावा पाच-सहा आठवड्यांतच मिळाला. श्लीफेन यांच्या नावाने ओळखला जाणारा जर्मन बेत म्हणजे बेल्जियममधून मोठा वळसा घेऊन फ्रेंच फौजांच्या पाठीशी उतरणे. वळशाच्या बाहेरच्या टोकाला फॉन क्लुक यांची पहिली सेना होती. तिच्यात घोडेच ८४,००० होते आणि त्यांना रोज जवळजवळ नऊ लाख किलो वैरण लागे. बेल्जियन आणि फ्रेंचांनी मागे हटताना पूल आणि बोगदे उडवलेले. दुरुस्त झालेले रूळ पुढच्या पायदळापासून कुठल्या कुठे मागे राहिलेले. क्लुक यांची सेना उन्हात दिवसाला तीस-तीस किलोमीटर चालत मार्न नदीपाशी आली तेव्हा माणसे चालता चालता झोपत होती आणि घोडे कच्ची पिके खाऊन आजारी पडत होते. त्याच दिवसांत फ्रेंच सेनापती जोफ्र आपल्या पूर्व सरहद्दीवरचे सैन्य गाड्यांत भरून पॅरिसकडे आणत होते. पॅरिसच्या उत्तरेला नवी सहावी सेना उभी राहिली ती अशी. जर्मन चालून आले होते, फ्रेंच बसून आले. सप्टेंबर १९१४ च्या मार्नच्या लढाईत पॅरिसच्या टॅक्सींनी सैनिक वाहून नेल्याची गोष्ट जगभर सांगतात आणि ती खरीही आहे, पण सहाशेच्या आसपास टॅक्सींनी नेलेली ती काही हजार माणसे आगगाड्यांनी आणलेल्या लाखांपुढे किरकोळच. दंतकथा टॅक्सीच्या वाट्याला आली, मालगाडीच्या नाही.

मार्ननंतर दोन्ही बाजू एकमेकांच्या मोकळ्या बगलेला वळसा घालू पाहत उत्तरेकडे सरकत गेल्या. वळसा घालणारा पोचावा तर समोरचा आधीच गाडीने येऊन उभा. असे करता करता वर्ष संपण्याच्या आत उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची सलग रेषा तयार झाली आणि वळसा घालायला बगलच उरली नाही. ही रेषा म्हणजे खंदक. चिखल, उंदीर आणि काटेरी तार ही खंदकांची प्रतिमा युद्धकवींनी इतकी पक्की केली आहे की खंदकांची फळी अभेद्य होती, असा समज होतो. ती तशी नव्हती. १० मार्च १९१५ रोजी न्यव्ह शापेल इथे पस्तीस मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर ब्रिटिश आणि हिंदी पलटणींनी जर्मन फळी फोडली आणि काही तासांत गाव घेतले. हिंदी कोअरच्या मीरत आणि लाहोर डिव्हिजन त्यात होत्या. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटलेल्या. निरोप माणसे धावत नेणार. पुढे सरकायचा हुकूम मागून येईपर्यंत दिवस कलला. १२ तारखेला जर्मनांनी प्रतिहल्ला केला तो या मधल्या वेळात आणून उभ्या केलेल्या ताज्या माणसांच्या जोरावर. तीन-चार दिवसांत ब्रिटिश बाजूचे सुमारे १२,००० मृत, जखमी आणि बेपत्ता. त्यांत चार हजारांवर हिंदी. फळी फुटायची आणि फुटलेली फळी मागून येणारी गाडी बुजवायची, हाच क्रम पुढची तीन वर्षे लहानमोठ्या प्रमाणात चालू राहिला.

यावर कोणी म्हणेल, ही करामत मशीनगनची आणि काटेरी तारेची. श्रेय रेल्वेला कशाला? मशीनगनने चढाईची किंमत भयंकर वाढवली यात शंका नाही, आणि माणसे मारण्यात तोफखाना तिच्याही पुढे होता. पण ही शस्त्रे पूर्व आघाडीवरही होती. तिथेही खंदक होते, तारा होत्या, आणि तरीही मे १९१५ मध्ये गोर्लित्से-तार्नुव्ह इथे जर्मन-ऑस्ट्रियन फौजांनी रशियन फळी फोडली ती अशी की रशियनांना सारा पोलंड सोडून शेकडो किलोमीटर मागे जावे लागले. फरक शस्त्रांत नव्हता. आघाडी पश्चिमेच्या दुपटीहून लांब, माणसे विरळ, आणि पोलंडच्या सपाटीवर लोहमार्ग इतके थोडे की फुटलेल्या जागी रशियन राखीव सैन्य वेळेवर पोचणे अवघड. ही चढाईही सप्टेंबरमध्ये थांबली, आणि थांबवण्यात रशियन तोफांइतकाच वाटा अंतराचा होता: रशियन रुळांची रुंदी वेगळी, ते उखडून जर्मन मापाला बसवल्याशिवाय मागून गाडी येईना. पुढच्या वर्षी जूनमध्ये रशियन सेनापती ब्रुसिलोव्ह यांनी ऑस्ट्रियन फळी फोडून लाखो कैदी घेतले, तेव्हा जर्मनीने पश्चिमेकडून डिव्हिजनमागून डिव्हिजन गाडीने पूर्वेला आणून ती पडझड सावरली. एकच शस्त्रास्त्रे, दोन आघाड्या, दोन वेगळी युद्धे. बदललेली बाब अंतर आणि वाहतूक हीच.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि त्यात संताप भरलेला आहे: शूर शिपाई, मूर्ख सेनापती. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांचे ५७,४७० मृत, जखमी आणि बेपत्ता झाले. त्यांत १९,२४० मेले. आधीच्या आठवड्यात जर्मन खंदकांवर पंधरा लाखांहून अधिक गोळे टाकलेले असूनही खोल तळघरांतले जर्मन जिवंत होते आणि कित्येक ठिकाणी तारा शाबूत होत्या. हे पाहून ज्याला राग येणार नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ब्रिटिश सेनापती हेग किंवा जर्मन सेनापती फाल्केनहाइन यांना शहाणपणाचा दाखला द्यावा असेही मला वाटत नाही. पण मूर्खपणाच सगळ्याचे कारण मानायचा तर ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन, रशियन, ऑस्ट्रियन आणि इटालियन अशा सहा सैन्यांत एकाच वेळी सारखाच मूर्खपणा कसा शिरला, याचे उत्तर द्यावे लागेल. उलट ही कोंडी आधी दिसलेला माणूस सेनापती नव्हताच. पोलंडचे यान ब्लोख हे रेल्वेच्या धंद्यात पैसा केलेले सावकार. त्यांनी १८९८ मध्ये भावी युद्धावर सहा खंड लिहिले आणि सांगितले की पुढच्या लढाईत शिपायाला बंदुकीइतकेच फावडे लागेल, निकाल लवकर लागणार नाही आणि शेवटी राष्ट्रे उपासमारीने आणि दिवाळखोरीने मोडतील. हालचालींचा हिशेब ज्याच्या व्यवसायाचाच भाग होता त्याला हे दिसावे, यात नवल नाही. ब्लोख चुकले ते एका जागी: असे युद्ध कोणत्याही समाजाला सोसवणार नाही, म्हणून ते होणारच नाही, असे त्यांना वाटले. समाजांनी ते वर्षानुवर्षे सोसले.

सोसू शकले म्हणूनच झिजवण्याची कल्पना आली. फळी फोडून उपयोग नाही तर समोरच्याची माणसे, तोफगोळे आणि धान्य आपल्याआधी संपवायचे. फेब्रुवारी १९१६ मध्ये जर्मनीने व्हर्डूंवर हल्ला केला तो फ्रान्सचे रक्त शोषून घेण्यासाठीच, असे फाल्केनहाइन यांनी युद्धानंतर आठवणींत लिहिले. त्या वेळचा अस्सल कागद मात्र कोणाला सापडलेला नाही, त्यामुळे हेतू आधी होता की अपयशानंतर सुचला याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. व्हर्डूंची जागा निवडण्यामागे वाहतूक होती हे नक्की: जर्मनांच्या मागे भरपूर लोहमार्ग, फ्रेंचांचे मुख्य मार्ग तोफांच्या टप्प्यात किंवा तुटलेले. फ्रेंचांनी एक अरुंद लोहमार्ग आणि बार-ल-द्यूकहून येणारा एक रस्ता यांवर तोल सांभाळला. ऐन गर्दीत त्या रस्त्यावरून दर चौदा सेकंदांना एक लॉरी जात असे. फ्रेंच सेनापती पेतॅं यांनी पलटणी थोड्या दिवसांपुरत्या पुढे आणून मागे नेण्याचा क्रम लावला, त्यामुळे फ्रेंच पायदळाचा बहुतेक भाग केव्हा ना केव्हा व्हर्डूंला जाऊन आला. दहा महिन्यांनी दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे सात लाख मृत आणि जखमी, आणि रेषा जवळजवळ पूर्वीच्याच जागी. आघाडीचे पोट एवढे मोठे झाल्यावर ते भरायला कारखाने, शेते, बायकांचे श्रम, कर्जरोखे, रेशनकार्डे, सगळे जुंपावे लागले. सर्वंकष युद्ध म्हणतात ते हे. आणि कारखाना व शेत हेच जर युद्धाचे साधन, तर त्यांना लागणारा माल समुद्रावरच अडवणे हीदेखील लढाईच. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीने चिलीचे नायट्रेट बंद झाले. हाबर-बॉश प्रक्रियेने हवेतला नायट्रोजन पकडून जर्मनीने दारूगोळा चालू ठेवला, पण तो नायट्रोजन तोफांकडे वळल्याने शेतांना खत उरले नाही. १९१६ चे बटाट्याचे पीक गेले आणि तो हिवाळा जर्मन माणसाने सलगमावर काढला. त्यातही कोळसा आणि बटाटे होते तिथून हव्या त्या शहरात पोचवायला मालडबे पुरत नव्हते, कारण ते आघाडीच्या कामी लागले होते. जर्मनीनेही उलट डाव टाकला. १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांनी कोणतेही जहाज बुडवायला सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये एका महिन्यात साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे तळाला गेली. ब्रिटनने जहाजांचे तांडे करून आरमाराच्या पहाऱ्यात नेणे सुरू केले आणि तग धरला. जर्मनीच्या पदरात मात्र ६ एप्रिलला अमेरिका शत्रू म्हणून पडली.

रेल्वेचे महत्त्व कळायला रेल्वे नसलेली आघाडीही पाहावी, आणि तिथे मराठी माणसाचा थेट संबंध येतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थान सरकारने इराकमध्ये उतरवलेल्या फौजेचे नाव सहावी पूना डिव्हिजन. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी तिच्यात होत्या. बसरा सहज मिळाले. पण बसऱ्याला मोठी जहाजे लागायला धक्का नव्हता, माल होड्यांत उतरवावा लागे. तिथून वर रूळ नव्हते, धड रस्ता नव्हता. होती ती वळणावळणाची, उन्हाळ्यात उथळ होणारी टायग्रिस आणि तिच्यावर चालणाऱ्या मोजक्या आगबोटी. खर्चाला हात आखडणाऱ्या सरकारने बोटी वाढवल्या नाहीत आणि सेनापतींनी तरी बगदादचा रस्ता धरला. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे तेसिफोनला गाडे अडले. चार हजारांवर मृत आणि जखमी. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीवर आणि मग खचाखच भरलेल्या बोटींतून बसऱ्याला नेताना जे हाल झाले त्यांची पुढे चौकशी झाली. सेनापती टाउनशेंड यांची ही फौज मागे हटून कूत-अल-अमारा इथे शिरली आणि ७ डिसेंबरपासून तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. तिची सुटका करायला फ्रान्समधून दोन हिंदी डिव्हिजन बसऱ्याला आल्या होत्या. अडचण त्यांना वर न्यायची होती. बोटी नाहीत म्हणून पलटणी तुकड्या-तुकड्यांनी पोचल्या, तशाच लढाईत लोटल्या गेल्या, आणि सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे खर्ची पडली. पानिपताची बखर वाचलेल्या मराठी वाचकाला रसद तुटल्यावर छावणीत काय होते ते वेगळे सांगायला नको. कूतमध्ये घोडे कापून खायची वेळ आली, आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत ते मांस नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांतले कित्येक हजार पुढे कैदेत मेले. चौकशी आयोगाने १९१७ च्या अहवालात वाहतुकीच्या दुर्लक्षावर नेमके बोट ठेवले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. दरम्यान कारभार लंडनने आपल्या हाती घेतला होता. बसऱ्याला धक्के बांधले, बोटींचा ताफा वाढवला, हिंदुस्थानातून रूळ, इंजिने आणि मजूर आणून लोहमार्ग टाकले, आणि मग जनरल मॉड यांची फौज ११ मार्च १९१७ रोजी बगदादमध्ये शिरली. तीच नदी, तोच शत्रू, पुष्कळशी हिंदीच माणसे. वर्षभरात पालटली ती मुख्यतः मागची व्यवस्था.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत अवघड आक्षेप १९१८ चा आहे. कोंडी जर रुळांनी केलेली, तर रूळ तेच असताना ती फुटली कशी? २१ मार्च १९१८ रोजी जर्मनांनी निवडक हल्ला-पथके आणि अचानक तोफमारा यांच्या बळावर ब्रिटिश फळी फोडली आणि दोन आठवड्यांत साठेक किलोमीटर मजल मारली. तीन वर्षांत कोणालाही पश्चिमेला हे साधले नव्हते. पण तोफा उखडलेल्या जमिनीतून पुढे येईनात, घोडे उपाशी, आणि भुकेले सैनिक हाती लागलेल्या ब्रिटिश गुदामांत रमले. आमियां हे लोहमार्गांचे मोठे जंक्शन अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरवर राहिले आणि ब्रिटिश-फ्रेंच राखीव सैन्य त्याच जंक्शनच्या आधाराने समोर उभे राहिले. एप्रिलमध्ये अझब्रुक या दुसऱ्या जंक्शनबाबतही तेच घडले. म्हणजे फळी फोडण्याचे तंत्र सापडले होते, फुटल्यानंतर पुढे जाण्याचे नव्हते. दोस्त राष्ट्रांचे, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांच्या साथीदारांचे, वेगळेपण असे की त्यांनी ही मर्यादा मान्य केली. ८ ऑगस्टला आमियांजवळ चारशेहून अधिक रणगाडे घेऊन त्यांनी हल्ला केला. चार दिवसांनी चालते रणगाडे बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा ते थांबले आणि दुसरीकडे हल्ला केला, तिथे अडताच तिसरीकडे. दोस्तांचे सरसेनापती फॉश यांच्या देखरेखीखाली एकामागून एक आखूड घाव पडत गेले आणि प्रत्येक घाव आपल्या रेल्वेच्या आणि लॉऱ्यांच्या टप्प्यात राहिला. महिन्याला लाखांच्या संख्येने अमेरिकन सैनिक उतरत होते, नाकेबंदीने जर्मनी पोखरलेला होता, आणि जर्मन राखीव सैन्याला कुठे धावायचे हेच उमगेनासे झाले. कोंडी न फोडताच दोस्तांनी युद्ध जिंकले.

२९ सप्टेंबरला जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ यांनीच आपल्या सरकारला ताबडतोब शस्त्रसंधी मागायला सांगितले. ११ नोव्हेंबरला काँपियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या एका डब्यात सही झाली. तोफा आणि मशीनगन यांच्याबरोबर दोस्तांनी ५,००० इंजिने, १,५०,००० डबे आणि ५,००० लॉऱ्या मागितल्या, त्याही चालू स्थितीत. जर्मनीने पुन्हा जमवाजमव करू नये यासाठी काय काढून घ्यावे लागते, हे चार वर्षांत सगळ्यांना समजले होते. नाकेबंदी पुढच्या वर्षी जुलैपर्यंत उठवली नाही. मात्र झिजवून मिळवलेल्या विजयात एक खोट होती. सही झाली तेव्हा जर्मन सैन्य अजून बेल्जियमच्या मोठ्या भागात आणि फ्रान्सच्या काही भागात उभे होते. बर्लिनच्या रस्त्यावरच्या माणसाने शत्रूचा शिपाई पाहिला नव्हता. डिसेंबरमध्ये परतलेल्या पलटणींचे स्वागत करताना समाजवादी नेते एबर्ट यांनी त्यांना, तुम्हाला कोणी शत्रूने जिंकलेले नाही, असे सांगितले. वर्षभराने युद्धकाळातले सरसेनापती हिंडेनबुर्ग यांनी संसदेच्या चौकशी समितीपुढे सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेल्याचा आरोप केला आणि तो लक्षावधींना पटला, कारण हरलेल्या लढाईचे नाव, जागा आणि तारीख त्यांच्यापुढे ठेवता येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये, कॅसाब्लांका इथे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बिनशर्त शरणागतीशिवाय युद्ध थांबणार नाही असे जाहीर केले, तेव्हा १९१८ चा हा अनुभव त्यांच्या हिशेबात होता; या खेपेला दोस्तांच्या फौजा थेट जर्मनीच्या आत, एल्बपर्यंत आणि बर्लिनपर्यंत गेल्या.